10 पगार की 12? जुलैत येणारे पैसे नेमके कशाचे

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी लागली की अनेक ठिकाणी एक फॉर्म भरावा लागतो: पगार 10 महिन्यांत हवा की 12? वरवर वाटतं, 12 घेणाऱ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीचाही पगार मिळतो. तसं अजिबात नाही.

करार असतो शाळेच्या वर्षाचा, साधारण 10 महिन्यांचा. समजा, त्याचे 60,000 डॉलर ठरले. 10 पगार घेतले तर महिन्याला 6,000 येतात आणि सुट्टीचे 2 महिने हात रिकामा. 12 घेतले तर महिन्याला 5,000, सुट्टीतही. पण इथे दरमहा कमावलेल्यातले 1,000 शाळेकडेच राहतात. 10 महिन्यांत 10,000 साठतात आणि तेच सुट्टीत 5,000-5,000 करून हातात पडतात. जुलैचे पैसे म्हणजे ऑक्टोबरात, मार्चमध्ये वर्गात उभं राहून मिळवलेले पैसे. 2007 मध्ये कर खात्यानेही त्यांना पुढे ढकललेलं उत्पन्न मानून नियम लावायला घेतले होते. 2008 मध्ये ते सैल केले. 'शिक्षकांना घरबसल्या पगार' असं कुणी म्हटलं की मला म्हणूनच वाईट वाटतं.

करही वर्षाच्या हिशेबात जवळपास तितकाच. मग निवडायचं काय? राखलेल्या रकमेवर सहसा व्याज मिळत नाही, त्यामुळे स्वतः बाजूला टाकण्याची सवय असेल तर 10 बरे. नोकरीचं पहिलंच वर्ष असेल, घरभाडं डोक्यावर असेल, तर मी बेलाशक 12 सांगेन. 10 घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: सुट्टीतल्या महिन्यांचा आरोग्य विम्याचा हप्ता बऱ्याचदा आधीच्या पगारांतून जादा कापला जातो, म्हणून शेवटचे काही पगार अचानक कमी दिसतात. आणि पुढच्या वर्षी नोकरी कायम असेल, तर सुट्टीत बेकारी भत्ता मिळत नाही.

वर्षाच्या मध्येच नोकरी सोडणाऱ्यांनी मात्र हिशेब नीट मांडावा. सप्टेंबर ते डिसेंबर शिकवलं, म्हणजे ढोबळमानाने 24,000 कमावले. 12 च्या पद्धतीत मिळाले 20,000. उरलेले 4,000 शाळेकडून येणं आहे. राजीनाम्याच्या पत्रातच त्यांची मागणी लिहावी.