घरच्यांसाठी जुळवलेला कीबोर्ड : मागची दीडशे वर्षं

आईला, भावाला, नात्यातल्या एखाद्या लिहित्या माणसाला स्वतः जुळवलेला मेकॅनिकल कीबोर्ड भेट द्यायचा, ही पद्धत अगदी अलीकडची. स्विच, म्हणजे प्रत्येक कळीखालचा दाब ओळखणारा भाग, निवडायचे, एकेक उघडून ग्रीस लावायचं, कीकॅप, म्हणजे कळीवरच्या अक्षरांच्या टोप्या, छापून घ्यायच्या, अक्षरांची मांडणी त्या माणसाच्या सवयीची ठेवायची. हे सगळं घरच्या टेबलावर होऊ शकतं, कारण आज प्रत्येक कळ सुटी, स्वतंत्र आणि बदलता येण्याजोगी आहे. ती तशी कधी झाली आणि मधल्या काळात जवळपास नाहीशी कशी झाली, हे समजलं की या भेटीमागचे कष्टही नीट कळतात.

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांनी सहकाऱ्यांबरोबर १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८७४ मध्ये ते रेमिंग्टन कंपनीच्या कारखान्यातून बाजारात आलं. त्यात कळ म्हणजे अक्षराच्या दांडीचं दुसरं टोक. दांडी वाकली की यंत्र मेकॅनिककडे न्यायचं, घरी काही करायची सोय नाही. आपल्याकडे १९५५ मध्ये गोदरेज अँड बॉइसने भारतीय बनावटीचं टंकलेखन यंत्र आणलं आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. या दोन सालांच्या दरम्यान महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यात टायपिंग इन्स्टिट्यूट चालल्या. मराठी तीस, मराठी चाळीस (मिनिटाला तेवढे शब्द) ही प्रमाणपत्रं गाठीशी असली की नोकरीच्या अर्जाला वजन यायचं.

मराठी यंत्रावरची मांडणी, जिला आजही रेमिंग्टन म्हणतात, समजून घेण्यासारखी आहे. इंग्रजी यंत्राएवढ्याच कळांवर अख्खी देवनागरी बसवायची, म्हणून अक्षरं तोडलेली होती. अर्धा ‘त’ एका कळीवर, काना दुसरीवर, दोन्ही मिळून पूर्ण ‘त’. रफार, उकार यांच्या कळा दाबल्या की कागद पुढे सरकत नसे. पहिली वेलांटी मारायची असेल तर ती आधी आणि अक्षर नंतर, म्हणजे कागदावर जे डावीकडे दिसतं ते पहिलं. हजारो बायका-पुरुषांच्या बोटांना हाच क्रम लागला. पुढे भेट म्हणून कीबोर्ड करताना हीच सवय आडवी येते.

संगणक आले तेव्हा कळा महागड्या आणि भक्कम होत्या. आयबीएमने १९८१ मध्ये पहिल्या पीसीबरोबर दिलेला मॉडेल एफ आणि १९८५ च्या सुमाराचा मॉडेल एम हे दोन्ही वाकणाऱ्या स्प्रिंगवर चालत. कळ ठरावीक खोलीपर्यंत गेली की आतली स्प्रिंग एकदम बाजूला लवते, खट्ट आवाज होतो आणि अक्षर उमटल्याचं बोटाला कळतं. ही कल्पना रिचर्ड हॅरिस यांची. पण ती स्प्रिंग आणि खालची पाटी यांचं एकच बांधकाम होतं. एक कळ काढून दुसऱ्या जातीची बसवता येत नसे.

माझ्या मते या इतिहासातला खरा वळणाचा टप्पा जर्मनीतल्या चेरी कंपनीचा एमएक्स स्विच. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तो आला, तेव्हा जर्मनीत कीबोर्ड बुटका असावा असा आग्रह होता आणि त्याची उंची त्या हिशेबाने ठेवलेली. तो प्रत्येक कळीसाठी वेगळा सुटा भाग होता. पत्र्यात १४ मिलिमीटरचं चौकोनी भोक, खाली सोल्डरचा डाग द्यायला दोन धातूच्या पिना आणि वर कीकॅप बसवायला अधिकच्या चिन्हासारखा दांडा. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच नोंदलं जातं, म्हणून तळापर्यंत ठोकायची गरज नसते. रंगावरून जात ओळखायची. लाल सरळ खाली जातो, तपकिरी मधे हलकी अडखळ देतो, निळा टक्क वाजतो.

मग घसरण लागली. १९९० च्या दशकात पीसीच्या किमती उतरल्या आणि पहिली काटछाट कीबोर्डवर आली. सगळ्या कळांखाली रबराचा एकच पत्रा, त्याखाली छापील सर्किटचे पापुद्रे. रबर थकलं की कीबोर्ड भंगारात. एका पिढीने कीबोर्ड म्हणजे फेकायची वस्तू असंच धरलं.

भारतात मात्र एक अपवाद टिकला, आणि त्याचं श्रेय त्याला मिळायला हवं. टीव्हीएस गोल्ड. चेरीचे निळे स्विच असलेला हा कीबोर्ड बँकांत, दुकानांच्या बिलिंगवर आणि डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या, खोल्यांत वर्षानुवर्षं वाजत राहिला. आपल्या बऱ्याच वाचकांनी मेकॅनिकल कीबोर्डचा आवाज पहिल्यांदा तिथेच ऐकला असेल, फक्त त्याला तसं नाव असतं हे माहीत नव्हतं.

पुनरुज्जीवन केलं ते हौशी लोकांनी. दक्षिण कोरियात छोट्या गटांनी ॲल्युमिनियमच्या पेट्या मोजक्या संख्येत कापून घ्यायला सुरुवात केली. आधी पैसे गोळा करायचे, मग कारखान्याला ऑर्डर द्यायची, ही रीत तिथून आणि अमेरिकेतून पसरली. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर ग्वांगडोंग प्रांतातल्या कैल, गेटरॉन यांसारख्या कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि किमती खाली आल्या. क्यूएमके हे खुलं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, आलं, त्यामुळे कोणत्या कळीने काय करायचं हे कीबोर्डच्या चिपमध्येच लिहिता येऊ लागलं. नंतर हॉट-स्वॅप सॉकेट आले आणि डाग देण्याची गरजच संपली. स्विच नुसता दाबून बसवायचा, चिमट्याने उपटायचा. सोल्डरिंग न येणाऱ्या माणसालाही घरच्यांसाठी कीबोर्ड करता येऊ लागला तो इथून.

हाताचं काम कुठे असतं ते स्विच उघडल्यावर कळतं. वरच्या झाकणाच्या चार खुंट्या एकदम सोडवायला छोटं साधन मिळतं. आत चारच वस्तू असतात : झाकण, दांडा, स्प्रिंग आणि तळ. बारीक ब्रशवर टिपकाभर ग्रीस घेऊन तळातल्या दोन्ही खाचांवर आणि दांड्याच्या बाजूंवर पातळ फिरवायचं. अडखळ देणारा स्विच असेल तर दांड्याचे पुढचे दोन पाय कोरडे ठेवायचे, नाहीतर अडखळच नाहीशी होते. ग्रीस जास्त झालं तर कळ जड आणि चिकट लागते. साठ-सत्तर स्विच असे करताना मान भरून येते, पण विकतच्या कीबोर्डपेक्षा याचा आवाज वेगळा का, हे पहिल्याच ओळीवर बोट फिरवलं की समजतं.

कीकॅपवर अक्षर टिकवण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एकीत दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओततात, त्यामुळे अक्षर कधीच पुसलं जात नाही. पण प्रत्येक अक्षराला स्वतंत्र साचा लागतो, म्हणून घरगुती कामात ती परवडत नाही. दुसरी सब्लिमेशनची. मगवर फोटो छापतात तीच. उष्णतेने शाई वाफ होऊन प्लास्टिकच्या आत मुरते. त्यासाठी पीबीटी प्लास्टिक हवं, एबीएस हे दुसरं प्लास्टिक त्या उष्णतेला वाकडं होतं. शिवाय ही शाई पारदर्शक असते, म्हणून फिकट कॅपवर गडद अक्षरच उठतं. एखाददुसरी खास कळ हवी असेल तर मातीत नमुना घडवून सिलिकॉनचा साचा करतात आणि त्यात रेझिन ओततात. एस्केपच्या जागी बसवलेला मोदक किंवा विठोबाचा टिळा याच पद्धतीने होतो.

देवनागरीचं काम करताना रंगाआधी मांडणी विचारावी, असं मी आग्रहाने सांगेन. कीबोर्ड संगणकाला ‘क’ पाठवत नाही, अमुक जागेवरची कळ दाबली एवढंच सांगतो. तिथे कोणतं अक्षर उमटायचं हे संगणकात निवडलेली मांडणी ठरवते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट ही मांडणी ठरवली आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या कामातून ती रुळली. तिच्यात मधल्या ओळीत उजव्या हाताला प, र, क, त, च, ट आहेत. शिफ्ट धरली की ‘क’चा ‘ख’, ‘त’चा ‘थ’, ‘ल’चा ‘ळ’ आणि ‘र’चा ‘ऱ’ होतो. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ लिहिताना हा ‘ऱ’ लागतोच, तेव्हा मराठी संचावर तो छापलेला हवा. इथे वेलांटी अक्षरानंतर येते, उच्चाराच्या क्रमाने. रेमिंग्टनवर शिकलेल्या बोटांना हे उलटं वाटतं.

माझी आई सरकारी कार्यालयात रेमिंग्टनवर टाइप करायची. तिच्यासाठी कीबोर्ड केला तेव्हा इन्स्क्रिप्टच्या देखण्या कॅप बाजूला ठेवल्या आणि तिच्या जुन्या मांडणीची अक्षरं छापून घेतली. संगणकातही रेमिंग्टन मांडणी घातली. स्विच हलके निवडले, ४५ ग्रॅमच्या आसपासच्या दाबाचे, कारण तिची बोटं आता आखडतात. तिने पहिल्याच मिनिटाला वेलांटी आधी मारली आणि शब्द बरोबर उमटला.

चेरीच्या त्या अधिकच्या आकाराच्या दांड्याला चाळीस वर्षं झाली, तरी तो बदललेला नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या वडिलांचा किंवा डीटीपी करणाऱ्या काकांचा टीव्हीएस गोल्ड माळ्यावर पडला असेल, तर त्याच्या अक्षरांच्या कॅप कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन आजच्या हॉट-स्वॅप कीबोर्डवर चढवता येतात. स्पेसबार, शिफ्ट आणि एंटर यांच्या रुंदीत मात्र फरक पडतो. त्या आधी पट्टीने मोजून घ्याव्यात आणि जुळत नसतील तर तेवढ्याच नव्या मागवाव्यात.