मशीन नाही, गाणंच हळू आहे
(फ्युनरल डूम मेटलच्या रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी)

फ्युनरल डूम म्हणजे हेवी मेटलचा अतिशय संथ, उदास प्रकार. या रेकॉर्ड घरी नेल्या की दोन-चार दिवसांत फोन येतोच: "भाऊ, हाई मशीन हळू चालस का?" खात्री करून घ्या. टर्नटेबलच्या चकतीच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं फेरे मोजा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला बरोबर 100 भरायला हवेत. कमी भरले तर बेल्ट सैल झाला असेल, मशीन घेऊन या. 100 भरले, तर गाणंच तसं आहे.

संगीताचा हा प्रकार 1990 च्या दशकात मुख्यतः फिनलंडमध्ये घडला. थेरगोथॉन या बँडचा 'स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स' हा अल्बम 1994 चा, स्केप्टिसिझम या बँडचा 'स्टॉर्मक्रोफ्लीट' 1995 चा. ड्रमचा ठोका पडतो आणि पुढचा लवकर येतच नाही. तेवढ्यात खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारचा सूर घरघरत लांबत जातो, मागे ऑर्गनसारखा कीबोर्ड धरून ठेवलेला असतो. गायकाचा आवाज पोटातून आलेला, घोगरा. शब्द बहुधा कळत नाहीत, कळायची गरजही नाही. उदासी येते ती या मधल्या थांबण्यातून. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना हे चटकन उमगतं. फक्त तिथे पुढे द्रुत येतं, इथे त्याची वाट पाहू नका.

अमेरिकेतल्या सिएटलच्या 'बेल विच' या बँडमध्ये दोघंच: एक बेस वाजवतो, एक ड्रम. गिटार नाहीच. त्यांचा 2017 चा अल्बम 'मिरर रीपर' म्हणजे 83 मिनिटांचं एकच गाणं. त्यांचा आधीचा ड्रमर 2016 मध्ये वारला. त्याचा पूर्वी ध्वनिमुद्रित केलेला आवाज या गाण्यात मध्येच येतो. तिथे आवाज वाढवू नका, आहे तसाच राहू द्या. रेकॉर्डवर हे गाणं चार बाजूंत तोडावं लागतं, म्हणजे तीनदा उठणं आलं. सलगच ऐकायचं असेल तर डिजिटल फाइल घ्या. रेकॉर्ड विकणारे आम्हीच हे सांगतोय!

मोबाइलच्या स्पीकरवर यातलं अर्धंही ऐकू येत नाही. मोठे स्पीकर नसले तर चांगला हेडफोन चालेल. बेसचं बटण मधोमध ठेवा; लग्नातल्या डीजेसारखं पूर्ण फिरवलं तर सगळा नुसता गोंगाट. कूलर चालू असताना गाण्यातल्या हळू आवाजाच्या जागा बुडून जातात, म्हणून आपल्याकडे हे ऐकायला हिवाळ्यातली रात्र बरी. घरात मोठ्यांना अभद्र वाटत असेल तर हेडफोनच लावा, वाद घालत बसू नका.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन 44-45 च्या घरात जातं. गाडीच्या डिकीत ठेवलेली रेकॉर्ड वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. दुकानातून थेट घरी न्या, कपाटात उभी ठेवा, एकावर एक रचू नका.

घेण्याआधी दुकानात एक बाजू पूर्ण ऐका. दुपारी गर्दी नसते. ओरखडा किंवा वाकलेपणा मुळातच असेल तर बदलून देऊ. हळू वाजते म्हणून परत घेत नाही.