उलटे पत्ते आणि स्वतःची पद्धत: टॅरो वाचनामागची पार्श्वभूमी

टॅरो, म्हणजे भविष्य किंवा मनातले काही वाचण्यासाठी काढायचे ७८ चित्रांचे पत्ते, शिकणाऱ्यांच्या प्रत्येक गटात हा प्रश्न निघतोच: पुस्तकातले अर्थ धरून चालायचे, की स्वतःची पद्धत बसवायची? आपल्याकडे तो जरा जास्तच छळतो. पत्रिका, मुहूर्त, रमल यांच्या सवयीतून आलेल्या माणसाला पाठीशी ग्रंथ हवा असतो, गुरुपरंपरा हवी असते. टॅरोत तसा आधार शोधायला गेले की हाती लागतात काही मोजक्या माणसांनी केलेल्या, पत्त्यांच्या अर्थांच्या खासगी याद्या. त्या छापल्या गेल्या, पुन्हा पुन्हा उतरवल्या गेल्या आणि रूढ झाल्या. म्हणून या याद्यांचा प्रवास माहीत असलेला बरा.

पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला तयार झाले. फ्लॉरेन्समधली त्यांची नोंद १४४० ची, फेरारातली १४४२ ची. त्यानंतरची सुमारे तीनशे वर्षे ते प्रामुख्याने डावांतच वापरले गेले. बोलोन्यात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला एक कागद सापडला आहे, त्यात ३५ पत्त्यांपुढे एक-दोन शब्दांत अर्थ लिहिले आहेत. १७८१ मध्ये पॅरिसमधल्या एका विद्वानाने हे पत्ते म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ असल्याचे जाहीर केले. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. १८२२ मध्ये तिचा उलगडा झाला, आणि तेव्हापासून आजतागायत या दाव्याला एकही पुरावा मिळालेला नाही. तरीही अनेक वर्गांत पहिल्या तासाला इजिप्त सांगितलेच जाते. ते थांबायला हवे.

स्वतःची पद्धत ठरवताना सगळ्यात आधी अडते ते उलट्या पत्त्यांपाशी, आणि सगळ्यात जास्त वादही तिथेच होतो. उलटा, म्हणजे चित्र डोक्यावर उभे झालेला, पत्ता वेगळा वाचायचा का?

उलट्या अर्थांची पहिली छापील यादी मिळते ती १७७० च्या एका फ्रेंच पुस्तकात, आणि त्या पुस्तकात टॅरो नाहीच. ते साध्या खेळाच्या ३२ पत्त्यांवर आहे, शिवाय प्रश्नकर्त्यासाठी एक जादा पत्ता. बत्तीस पत्त्यांत माणसाचे सगळे आयुष्य बसवायचे म्हणजे अर्थ अपुरेच पडणार. सुलटा एक आणि उलटा एक असे धरले की ते चौसष्ट होतात. ही सोय पुढे त्याच लेखकाने ७८ पत्त्यांच्या टॅरोवर जशीच्या तशी चढवली. १७८९ च्या त्याच्या स्वतःच्या संचात प्रत्येक पत्त्याच्या वरच्या टोकाला एक शब्द आणि खालच्या टोकाला, उलटा धरून वाचण्यासाठी, दुसरा शब्द छापलेला आहे. ७८ चित्रे हाताशी असताना अर्थांची संख्या दुप्पट करायची गरज होती का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

त्याच्या याद्या इंग्रजीत उतरल्या. १८८८ मध्ये लंडनला निघालेल्या एका छोट्या पुस्तिकेत 'पाच पेले' या पत्त्यापुढे मीलन, विवाह, वारसा हे अर्थ दिले आहेत. पत्ता उलटा आला तर आगमन, परत येणे, बातमी, फसव्या योजना. आता १९०९ चा रायडर संच समोर ठेवा, म्हणजे आज बहुतेकांच्या हातात असतो तो. पाच पेल्यांवर काळा झगा पांघरलेला माणूस मान खाली घालून उभा आहे. पुढ्यात तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन उभे, पलीकडे नदी आणि पूल. नुकसान झाले पण काही शिल्लक आहे, हे चित्रच सांगते. या संचासोबतच्या १९११ च्या सचित्र पुस्तकातही हा अर्थ आहे. पण त्याच परिच्छेदात पुढे वारसा येतो, आणि उलट अर्थांत बातमी, नातलग, पूर्वज, परत येणे, फसव्या योजना. या चित्रात पूर्वज कुठे दिसतात? कुठेच नाहीत. चित्र नवे काढले आणि अर्थ जुन्या याद्यांतले ठेवले. मुले पाठ करतात, चुकतात, आपल्यात अंतर्ज्ञानच नाही असे समजून बसतात. खरे तर त्यांना एका चित्राखाली दुसऱ्याच पत्त्याची टिपणे दिलेली असतात. सगळ्या ७८ पत्त्यांना प्रसंगचित्रे देणाऱ्या त्या चित्रकर्तीने तेव्हाच एका पत्रात लिहिले होते की काम मोठे झाले आणि पैसे फारच थोडे मिळाले. माझ्या मते आजच्या वाचकांना तिच्या चित्रांनी जितके शिकवले, तितके सोबतच्या पुस्तकाने नाही.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९०९ चा संच ज्या लंडनच्या गुप्त मंडळातल्या लोकांनी घडवला, त्या मंडळाच्या आतल्या पाठात पत्ता उलट पडला की सुलट, याने अर्थ बदलत नसे. तिथे शेजारी पाहायचे. पत्त्यांचे चार रंग चार तत्त्वांचे: दंड अग्नीचे, पेले पाण्याचे, तलवारी वायूच्या, नाणी पृथ्वीची. अग्नी आणि पाण्याचे वैर, वायू आणि पृथ्वीचे वैर, बाकीच्या जोड्या एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या. पाच पेल्यांच्या दोन्ही बाजूंना दंड आले तर दुःखाचा जोर कमी धरायचा, दोन्ही बाजूंना नाणी आली तर तो टिकून राहतो. म्हणजे प्रत्येक पत्ता शेजारच्यांसकट वाचायचा. ही पद्धत मंडळाबाहेर पुरेशा तपशिलाने पोचायला वेळ लागला. मंडळाची कागदपत्रे चार खंडांत छापून निघाली ती १९३७ ते १९४० या काळात. १९११ च्या पुस्तकात सामान्य वाचकाला मिळाले ते उलट-सुलटचे दोन रकानेच. १९३८ ते १९४३ या काळात रंगवल्या गेलेल्या थॉथ संचाच्या कर्त्याने मात्र शेजारांची पद्धत ठेवली आणि उलटे अर्थ सोडून दिले. हा संच पत्त्यांच्या रूपात बाजारात आला १९६९ मध्ये. तोवर दोन रकान्यांची सवय घट्ट झाली होती.

म्हणून 'उलटे न वाचणे म्हणजे अर्धवट वाचन' हे ऐकवले जाते, ते इतिहासाला धरून नाही.

त्याच १९११ च्या पुस्तकात दहा पत्त्यांची मांडणी 'प्राचीन केल्टिक' म्हणून दिली आहे. केल्ट लोकांशी तिचा काही संबंध असल्याचे कुठेही दिसत नाही. तिच्या सुरुवातीला प्रश्नकर्त्यासाठी एक पत्ता निवडायचा असतो, तोही केस आणि डोळ्यांच्या रंगावरून: पिवळसर वा तांबूस केस आणि निळे डोळे असतील तर दंड, फिकट तपकिरी केसांना पेले, गडद तपकिरी केसांना तलवारी, काळे केस आणि काळ्या डोळ्यांना नाणी. या हिशेबाने पुणे, नागपूर, मडगाव इथले जवळपास सगळे प्रश्नकर्ते नाण्यांतच जातील. पुस्तकानेच पुढे सवलत दिली आहे की स्वभाव पाहूनही पत्ता निवडता येतो. आपल्याकडच्या वाचकांनी तर हा रंगाचा नियम केव्हाच गाळला, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही. एक नियम असा गाळता येतो तर दुसराही तपासता येतो.

१९७० नंतर अमेरिकेत रायडर संच पुन्हा छापला जाऊ लागला आणि प्रश्नाचे रूपच बदलले. 'काय होणार' याच्या जागी 'माझ्या आत काय चालले आहे' आले. १९८४ मध्ये आलेल्या एका पुस्तकाने वाचकाला स्वतःसाठीच पत्ते काढून वहीत लिहायला लावले. रोज एक पत्ता, त्याखाली तारीख, चित्रात पहिल्यांदा काय दिसले आणि संध्याकाळी काय घडले. आज आपल्याकडचे चांगले शिक्षक हीच वही ठेवायला सांगतात. स्वतःची पद्धत तयार होते ती या वहीतून, कारण तीन-चार महिन्यांनी मागची पाने चाळली की कोणता अर्थ आपल्याकडे टिकतो आणि कोणता फक्त पाठ केलेला आहे, ते कळते. उलट्या पत्त्यांकडे पाहण्याची नजरही याच काळात सौम्य झाली. विरुद्ध अर्थाऐवजी अडलेली, उशिरा येणारी किंवा आत वळलेली तीच गोष्ट, असे वाचन सुरू झाले. मला ते जुन्या रकान्यांपेक्षा पुष्कळ प्रामाणिक वाटते, कारण ते निदान चित्राला सोडत नाही.

उलटे पत्ते येणार की नाही, हे बऱ्याचदा हाताच्या सवयीवरच ठरलेले असते. नवा संच सुलट लागलेला येतो. हातात धरून वरचे थोडे पत्ते खाली सरकवत पिसले तर एकही पत्ता फिरत नाही. वर्षभर पिसले तरी सगळे सुलटच निघतील. तेच पत्ते टेबलावर पालथे पसरून दोन्ही हातांनी गोल फिरवले की जवळपास निम्मे उलटतात. मग दहा पत्त्यांच्या मांडणीत सगळे सुलट येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक उरते. उलटे वाचायचे ठरवले असेल तर पाठीची नक्षीही पाहून घ्यावी. ती वरून-खालून सारखी नसेल तर पत्ता उताणा करण्याआधीच तो उलटा आहे हे दिसते, आणि निवडणारा हात नकळत सुलट्याकडे वळतो. असा संच आधीच घेऊन ठेवला असेल तर पत्ते निवडायला न लावता वरून क्रमाने काढावेत.