भोकं मोजायची नोकरी

विषाणूंवर काम करते असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे अंतराळवीरासारखा फुगीर पोशाख येतो. तो पोशाख फार वरच्या सुरक्षा पातळीच्या मोजक्या प्रयोगशाळांत असतो. विद्यापीठाच्या साध्या प्रयोगशाळेतल्या संशोधन सहायकाकडे अॅप्रन, हातमोजे आणि एक बऱ्यापैकी बसकं स्टूल असतं. आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. ज्या विषाणूवर आम्ही वर्षानुवर्षं काम करतो, तो आम्हाला दिसत नाही. डेंग्यूच्या विषाणूचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटर आहे आणि नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून २०० नॅनोमीटरच्या खालचं नीट उमगत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसतो, पण ती काही रोजच्या रोज वापरायची वस्तू नव्हे.

मग दिवसभर बघायचं काय? तर पेशी. विषाणू जिवंत पेशीच्या बाहेर वाढत नाही, त्यामुळे त्याला पाळायचं तर आधी पेशी पाळाव्या लागतात. सहायकाचा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो. प्लॅस्टिकच्या फ्लास्कच्या तळाशी पेशींचा एकपदरी थर वाढतो. वर गुलाबीसर लाल मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ खाणं, त्यात साखर, अमिनो आम्लं, क्षार आणि गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी वाढल्या की आम्ल साचतं आणि मीडियाचा लाल रंग पिवळा पडत जातो. पिवळा पडला की पेशी सोडवून, पातळ करून नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या. याला पॅसेज म्हणतात. पेशींना रविवार, गणपती, दिवाळी यांतलं काहीच कळत नाही. कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं तरी फ्लास्क वेळेवर पिवळा होतोच.

मुंबईच्या पावसाळ्याशी या कामाचं जुनं वैर आहे. दमट हवेत बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात आणि पेशींचं खाणं त्यांनाही आवडतं. इन्क्युबेटरमध्ये हवा ओलसर ठेवायला पाण्याचा ट्रे असतो, तिथूनच बुरशी सुरू होऊ शकते. तरी बुरशी परवडली, ती निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा नावाचे भिंत नसलेले जीवाणू त्याहून वाईट. मीडिया गढूळ होत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बऱ्या दिसतात आणि आतून त्यांचं वागणं मात्र बदललेलं असतं. त्यांच्यासाठी ठरावीक दिवसांनी पीसीआर करत राहणं एवढाच इलाज. विजेचं म्हणाल तर मुंबई नशीबवान आहे, पण १२ ऑक्टोबर २०२० ला लोकलसकट अख्खं शहर थांबलं होतं. अशा वेळी उणे ८० अंशांच्या फ्रीझरचं दार अजिबात उघडायचं नाही, हा पहिला नियम.

डेंग्यूवर काम करताना दोन प्रकारच्या पेशी हाताखाली असतात. एक व्हेरो. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून जपानच्या चिबा विद्यापीठात १९६२ साली यासुमुरा आणि कावाकिता यांनी ही वाढवायला सुरुवात केली. दुसरी सी-६/३६, एडिस अल्बोपिक्टस डासाची. तिचं मूळ आपल्या शेजारी आहे. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवून ते काम १९६७ साली प्रसिद्ध केलं. त्या पेशींमधून १९७८ मध्ये इगाराशी यांनी एक शाखा निवडली, तीच सी-६/३६. जगभरात रुग्णाच्या रक्तातून डेंग्यू, चिकुनगुनिया वेगळा काढायचा असेल तर पहिल्यांदा हिलाच बोलावणं जातं. तिला २८ अंश लागतात. मुंबईत ते अवघड वाटू नये, पण तिला ते कायमचे २८ हवे असतात आणि आपल्याकडे मे महिना असतो.

या दोन्ही पेशींमध्ये एक साम्य आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. व्हेरो पेशीत इंटरफेरॉन तयार करणारी काही जनुकं गळून गेलेली आहेत. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरल्यावर शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन. सी-६/३६ मध्ये डासाचं विषाणूविरोधी मुख्य हत्यार, म्हणजे विषाणूच्या आरएनएचे (त्याच्या जनुकीय साहित्याचे) तुकडे करणारं डायसर-२ हे विकर, बिघडलेलं आहे. दोघींचीही राखण मोडलेली, म्हणूनच विषाणू त्यांच्यात भरभरून वाढतो आणि म्हणूनच त्या आमच्या कामाच्या. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही आकड्याकडे बघताना हे विसरून चालत नाही.

आता मोजणी. रुग्णालयातून आलेलं रक्त तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतलं असेल तरच त्यात जिवंत विषाणू मिळण्याची आशा. तो डासाच्या पेशींत वाढवला की पुढचा प्रश्न, एका मिलिलिटरमध्ये किती? रेनातो दुल्बेको यांनी १९५२ साली प्राण्यांच्या विषाणूंसाठी जी पद्धत बसवली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. विषाणूचं द्रावण दहापट, शंभरपट, हजारपट असं पातळ करत जायचं. खाचा असलेल्या प्लेटमध्ये व्हेरो पेशींचा सलग थर तयार असतो, त्यावर प्रत्येक पातळीचं थोडं थोडं घालायचं. तासभर, मधूनमधून प्लेट हलवत, विषाणूला पेशींना चिकटू द्यायचं. मग वरून कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचं दाट मिश्रण ओतायचं. ही खरी युक्ती. पातळ मीडियात नवे विषाणू कुठेही वाहत गेले असते, दाट मिश्रणात ते फक्त शेजारच्याच पेशीपर्यंत पोचतात. म्हणजे जिथे एक विषाणू बसला, तिथे काही दिवसांत मेलेल्या पेशींचा एक गोल तयार होतो. चिकुनगुनियाला दोन-तीन दिवस पुरतात, डेंग्यू पाच ते सात घेतो. शेवटी फॉर्मेलिन घालून पेशी जागच्या जागी पक्क्या करायच्या, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या आणि प्लेट धुवायची. जांभळ्या थरात रंग न घेतलेली गोल भोकं दिसतात. त्यांना प्लाक म्हणतात.

मग प्लेट उजेडासमोर धरून, मार्करने एकेका भोकावर ठिपका देत मोजायचं. हिशोब चौथीतल्या पोराला जमेल असा. समजा दहा हजारपट पातळ केलेल्या द्रावणाचा ०.१ मिलिलिटर घातला आणि ४२ भोकं पडली. एका मिलिलिटरला ४२०, गुणिले दहा हजार, म्हणजे मूळ द्रावणात मिलिलिटरला ४२ लाख. भोकं फार कमी असतील तर योगायोगाचा वाटा वाढतो, फार जास्त असतील तर ती एकमेकांत मिसळतात, म्हणून मधली खाच निवडायची. आणि ज्या खाचेत विषाणू घातलाच नाही, ती आधी बघायची. तिथला थर अखंड जांभळा नसेल तर बाकीच्या सगळ्या भोकांना काही किंमत नाही.

पीसीआर काही तासांत आकडा देतो, मग आठवडाभर हा खटाटोप कशाला? पीसीआर आरएनएचे तुकडे मोजतो. तो तुकडा धडधाकट विषाणूतला आहे की मेलेल्या, हे त्याला सांगता येत नाही. कोविडमध्ये सौम्य आजार झालेल्या कितीतरी जणांचा पीसीआर आठवड्यांमागून आठवडे पॉझिटिव्ह राहिला, पण दहा दिवसांनंतर त्यांच्या नमुन्यातून जिवंत विषाणू क्वचितच वाढला. भोक पाडायला मात्र जिवंतच लागतो.

पेशींकडून साक्ष काढायची ही रीत मुंबईत परळलाही चालते. शहराच्या सांडपाण्यात पोलिओ शोधायचं काम इथे २००१ पासून सुरू आहे. त्यासाठी वापरतात ती एल-२०-बी नावाची पेशी मुळात उंदराची. तिच्यात माणसाच्या पोलिओ-ग्राहकाचं, म्हणजे पोलिओचा विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो त्या प्रथिनाचं, जनुक घातलेलं आहे. गटाराच्या पाण्यात नाना तऱ्हेचे विषाणू असतात, बहुतेकांना उंदराच्या पेशीत शिरताच येत नाही, पोलिओला येतं. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. पाणी तपासणं त्यानंतरही थांबलेलं नाही आणि थांबवूही नये.

भोकं मोजण्याचा सगळ्यात मोठा उपयोग लशींसाठी होतो. लस घेतलेल्याच्या रक्तातलं सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवून, पातळ करत, ठरावीक विषाणूंत मिसळायचं आणि ते व्हेरो पेशींवर घालायचं. सीरमशिवाय ५० भोकं पडत असतील आणि सीरममुळे २५ च पडली, तर त्यातल्या प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) निम्मे विषाणू निकामी केले. किती पातळ केल्यावरही हे घडतं, त्यावरून प्रतिपिंडांचा जोर कळतो. डेंग्यूचे चार प्रकार, म्हणजे हे सगळं चार वेळा.

याच चाचणीने एकदा सगळ्यांना चकवलंय. सनोफी कंपनीच्या डेंग्यू लशीची थायलंडमधल्या मुलांवर चाचणी झाली. त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले तेव्हा चारही प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडं झकास दिसत होती, पण लशीचं एकूण संरक्षण जेमतेम ३० टक्के भरलं आणि दुसऱ्या प्रकाराविरुद्ध जवळजवळ काहीच नाही. पुढे फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून जास्त शाळकरी मुलांना ती दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर तो तीव्र होण्याचा धोका वाढतो. कार्यक्रम थांबवावा लागला.

यात आमच्या व्हेरोबाईंची मर्यादा उघडी पडते. डेंग्यूत अपुरी प्रतिपिंडं विषाणूला चिकटतात, पण मारत नाहीत. उलट त्यांची शेपटी पांढऱ्या पेशींवरच्या ग्राहकाला धरते आणि विषाणूला आत शिरायची वाट मिळते. व्हेरोवर हा ग्राहकच नाही. तिला प्रतिपिंडांची चांगली बाजू दिसते, वाईट दिसू शकत नाही. भोकं अचूक मोजली तरी ती माकडाच्या मूत्रपिंडातली, माणसाच्या रक्तातली नव्हेत. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात सुरू झालेल्या देशी डेंग्यू लशीच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात दहा हजारांहून जास्त माणसं घ्यायचं ठरलं आणि त्यांच्यावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं. हा काळ कुणाला लांब वाटत असेल, तर त्यांनी फिलिपिन्स आठवावं.

नोकरीबद्दल थोडक्यात. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान चालतं. नेट पास असाल तर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. नसाल तर प्रकल्प देईल ते. प्रकल्प संपला की नोकरी संपली. मुलाखतीत सिद्धांत विचारतात, पण निवड बहुतेक हातावर होते. पिपेट धरताना अंगठा थरथरतो का, हूडमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, उघड्या बाटलीवरून हात नेता का, हे बघणाऱ्याला मिनिटात कळतं.

आणि घरच्यांचा प्रश्न, तू ते घरी घेऊन येशील का? डेंग्यूचं काम दुसऱ्या सुरक्षा पातळीवर चालतं. हूडमधली हवा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळणीतून जाते, टाकाऊ द्रव ब्लीचमध्ये आणि प्लॅस्टिक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, १२१ अंशांवर. सुई टोचून घेतली नाही तर डेंग्यू आपणहून अंगाला चिकटत नाही, त्याला एडिसची मादी लागते. ती आमच्या प्रयोगशाळेत नाही. मनीप्लांटच्या बाटलीत, गच्चीवरच्या टायरमध्ये आणि फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये मात्र असू शकते, तेव्हा विचारणाऱ्या मामींना मी आधी ट्रे ओतून यायला सांगते.