ग्रंथालयीन माहितीशोधाचे शिक्षण

ग्रंथालयातील माहिती कुठे असते, ती कोणत्या शब्दांनी शोधावी आणि सापडलेल्यापैकी काय घ्यावे, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पद्धतशीर शिकविण्याचा उपक्रम. ग्रंथालयशास्त्रात याला पूर्वी ‘वाचक शिक्षण’ म्हणत. अमेरिकेतील माहिती उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ मध्ये ‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा वापरली, पुढे तीच रूढ झाली. भारतातील ग्रंथपालांसाठी मात्र मूळ आधार भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचाच आहे. त्यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्रविषयक पंचसूत्रीतील चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे सांगते, आणि शोध घ्यायला शिकलेल्या वाचकाचा वेळ सर्वांत जास्त वाचतो.

मुंबईतील महाविद्यालयांत वर्षाच्या सुरुवातीला प्रथम वर्षाच्या मुलांना ग्रंथालयाची ओळख करून देतात. देवघेव काउंटर, अभ्यासिका, बुक बँक, पुस्तक किती दिवस ठेवता येते, उशीर झाला तर दंड किती, हे सारे त्यात येते. हे आवश्यकच आहे, पण हा माहितीशोध नव्हे. त्या दिवशी विद्यार्थ्याला काही शोधायचेच नसते. त्याला गरज लागते ती प्रकल्पाचा विषय हातात पडल्यावर. म्हणून विषय मिळालेल्या आठवड्यातच, विषयशिक्षक आणि ग्रंथपाल दोघांनी मिळून घेतलेला एक तास वर्षारंभीच्या फेरीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शिकविण्याचा गाभा म्हणजे प्रश्नाचे शब्दांत रूपांतर. उदाहरण म्हणून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतील कापड गिरण्यांचा संप घेऊ. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. विद्यार्थी तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांच्या संगणकीय यादीत, ‘गिरणी कामगारांचा संप का फसला’ असे अख्खे वाक्य टंकतो आणि ‘नोंद नाही’ हे उत्तर वाचून परत जातो. पुस्तके कपाटात असतात, फक्त तालिकेला ते वाक्य ओळखता येत नाही. अशा वेळी आधी कागदावर शब्दांचा तक्ता करायला लावावा : गिरणी, कापडगिरणी, मिल, वस्त्रोद्योग, संप, हरताळ, कामगार चळवळ, गिरणगाव, परळ, लालबाग, दत्ता सामंत. मग याच शब्दांचे इंग्रजी पर्याय. शहराचे नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे बदलले, त्यामुळे त्याआधीचे इंग्रजी लेखन ‘बॉम्बे’ या नावाखाली मिळते. फक्त ‘मुंबई’ शोधणाऱ्याच्या हातून नेमकी संपाच्या काळातली साधने निसटतात.

हे शब्द जोडण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या तर्कशास्त्रातून आली आहे. ती शिकवताना एक अडचण हमखास येते. रोजच्या बोलण्यात ‘पोळी आणि भाजी’ म्हटले की ताटात भर पडते, आणि ‘चहा किंवा कॉफी’ म्हटले की दोहोंतले एकच मिळते. शोधात नेमके उलटे घडते. ‘अँड’ने जोडलेले दोन्ही शब्द ज्या नोंदीत असतील तेवढ्याच नोंदी उरतात, म्हणून यादी आखडते. ‘ऑर’ने यादी वाढते. समानार्थी शब्द ‘ऑर’ने आणि वेगवेगळ्या संकल्पना ‘अँड’ने जोडायच्या, एवढे फळ्यावर दोन वर्तुळे काढून दाखवले की मुलांना पटते. ‘नॉट’ जपून वापरावा. नको असलेल्या शब्दाबरोबर हवी असलेली नोंदही जाते.

तालिकेत बोधांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातील जागा सांगणारा क्रमांक, सापडल्यावर कपाटापर्यंत जाणे उरते. पुस्तके विषयवार अंकांनी लावण्याच्या ड्युई दशांश वर्गीकरणात संप ३३१.८९२ येथे, मराठी साहित्य ८९१.४६ येथे आणि भारताचा इतिहास ९५४ मध्ये असतो. म्हणजे एकाच संपावरचा अभ्यास, त्यावरची कादंबरी आणि शहराचा इतिहास तीन कपाटांत विखुरलेले असतात. शिवाय ३३१.८९२ हा अंक ३३१.९ च्या आधी येतो. दशांश विसरलेला विद्यार्थी तो पुढे शोधत राहतो. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणाऱ्या मुक्तद्वार ग्रंथालयात निदान शेजारची पुस्तके नजरेस पडतात. जिथे मागणीचिठ्ठी देऊन पुस्तक मागवावे लागते, तिथे सारी भिस्त तालिकेवर.

मराठी साधनांचा शोध ही स्वतंत्र अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. अनेक महाविद्यालयांच्या संगणकीय तालिकांत मराठी पुस्तकांची नावे रोमन अक्षरांत भरलेली आढळतात. तिथे ‘गिरणी’ हा शब्द तीन-चार प्रकारे लिहून पाहावा लागतो. रोमनमध्ये वेगळे अक्षर नसलेल्या ‘ळ’ची तऱ्हा तशीच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘गांव’ असे अनुच्चारित अनुस्वार असतात, आणि शीर्षक जसेच्या तसे नोंदवलेले असेल तर आजच्या लेखनाने ते सापडत नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइली पडद्यावर देवनागरी दिसल्या तरी शोधयंत्राला वाचता येत नाहीत. जुन्या मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताशी हवी; तिचा एक भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांचा आहे. ती छापील पाने उलटायला एकदा शिकलेला विद्यार्थी सूची म्हणजे काय हे कायमचे शिकतो.

इंग्रजी नियतकालिकांसाठी इन्फ्लिबनेट या विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडणाऱ्या राष्ट्रीय केंद्राची एन-लिस्ट ही ई-नियतकालिकांची योजना सदस्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना लॉगिनवर उपलब्ध असते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आणि प्रबंधाच्या अखेरची संदर्भसूची ही नवशिक्याला मिळणारी सर्वांत मोठी देणगी असते. संपाच्या विषयासाठी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे त्या वर्षांचे अंक पाहिलेच पाहिजेत. हे साप्ताहिक लोअर परळहून, म्हणजे गिरणगावातूनच निघते.

आपल्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर शहर आहेच. १८०४ मध्ये स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी टाउन हॉलमध्ये, १८९८ चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला, मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कालिन्याला, टाटा समाजविज्ञान संस्थेचे सर दोराबजी टाटा स्मृती ग्रंथालय देवनारला. जाताना आपल्या ग्रंथपालांचे पत्र न्यावे आणि त्या ग्रंथालयाची तालिका घरूनच पाहून बोधांक टिपून ठेवावा. लोकलचा दीड तास वाया जात नाही.

अलीकडे विद्यार्थी संदर्भ संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मागतात. ती कधीकधी अस्तित्वातच नसलेली पुस्तके खऱ्या लेखकांच्या नावावर, प्रकाशन वर्षासह देते. म्हणून असा प्रत्येक संदर्भ तालिकेत किंवा नियतकालिकाच्या मूळ अंकात पडताळून दाखवायला लावणे हा आता या शिक्षणाचा भाग झाला पाहिजे.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षेपेक्षा शोधवही चांगली. तीत तारीख, कुठे शोधले, कोणते शब्द वापरले, किती नोंदी आल्या आणि मग शब्द का बदलले, एवढेच लिहायचे. ‘नोंद नाही’ असे उत्तर आलेल्या ओळीही खोडू देऊ नयेत. ग्रंथपालाला मदत करायची असते ती नेमकी त्याच ओळीपासून.