केबलचं कॉम्प्रेशन आणि कॉलचं कॉम्प्रेशन

जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलसाठी वेबकॅम घ्यायचा, तर ७२०पी (१२८०×७२० पिक्सेलचं चित्र) की १०८०पी (१९२०×१०८०), हा वाद आधी उरकून टाकू. १०८०पीत पिक्सेल सव्वादोन पट असतात. जुन्या कॉम्प्युटरला तेवढे जास्त पिक्सेल उपसावे लागतात, आणि ग्रुप कॉलमध्ये समोरच्याला बहुतेक वेळा तेवढं मोठं चित्र जातच नाही. ७२०पी घ्या. खोक्यावरचा मेगापिक्सेलचा भला मोठा आकडा तर वाचूच नका, तो बरेचदा सॉफ्टवेअरने ताणलेल्या फोटोचा असतो.

खरी गल्लत पुढे आहे. "कॅमेराच व्हिडिओ कॉम्प्रेस करून देतो, मग प्रोसेसरवर कसला भार?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. कॉम्प्रेशन, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी होतं.

पहिलं केबलसाठी. यूएसबी २.० चा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात बराच कमी. ६४०×४८० चं कच्चं चित्र सेकंदाला ३० फ्रेमनी पाठवायला साधारण १४७ मेगाबिट लागतात, ते मावतं. ७२०पीला ४४२ लागतात, ते मावत नाही. म्हणून कॅमेरा प्रत्येक फ्रेमचा वेगळा जेपेग, म्हणजे दाबलेला फोटो, करून पाठवतो. यालाच एमजेपेग म्हणतात.

पण हा माल कॉलमध्ये तसाच जात नाही. कॉम्प्युटर प्रत्येक जेपेग उलगडतो आणि इंटरनेटसाठी एच.२६४ किंवा व्हीपी८ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतींनी पुन्हा दाबतो. इथे आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं ते शोधावं लागतं, आणि प्रोसेसरला घाम फुटतो तो या शोधात. म्हणजे एमजेपेगने तुमचं काम वाचवलं नाही, उलगडण्याचं एक वाढवलं! काही कॅमेरे स्वतःच एच.२६४ देतात, त्यांची जाहिरातही जोरात असते. पण ब्राउझरमधले कॉल सहसा ते वापरत नाहीत, कारण नेटचा वेग बदलेल तसा बिटरेट (सेकंदाला किती बिट पाठवायचे तो आकडा) ब्राउझरला स्वतःच्या हातात हवा असतो.

म्हणून प्रोसेसर फारच म्हातारा असेल, तर कॉलच्या सेटिंगमध्ये एचडी बंद करा. ६४०×४८० वर चेहरा पुरेसा ओळखू येतो.

बाकी मुद्दे किरकोळ. कॅमेरा यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं सामायिक मानक) असावा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही; लिनक्समध्येही ही सोय २००८ पासून आहे. यूएसबी २.० चा कॅमेरा निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टात खुपसल्याने वेगवान होत नाही. कॅमेरा स्क्रीनला अडकवायची क्लिप कशीही चालते.

उजेड मात्र किरकोळ नाही. अंधारात सेन्सर सिग्नल वाढवतो, चित्रात दाणे येतात आणि ते दर फ्रेमला बदलतात. दुसऱ्या कॉम्प्रेशनला वाटतं, सगळंच हललं. मग एकतर बिट जास्त लागतात, नाहीतर चेहऱ्याचे चौकोन होतात. दिवा समोर ठेवा, पाठीमागे नको. आणि मागची खोली धूसर करण्याचं बटण जुन्या कॉम्प्युटरवर दाबूच नका, त्यापेक्षा खुर्ची भिंतीला टेकवून बसा.