सी-ए-टी म्हटल्यावर कॅट ऐकू येतं का?

‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.’ महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, पण ही घोकणी त्याहून कितीतरी जुनी आहे. सी, ए, टी कितीही भरभर म्हणून पाहा, ‘सीएटी’ ऐकू येईल, ‘कॅट’ नाही. ही अक्षरांची नावं आहेत, उच्चार नव्हेत. नावावरून उच्चारावर जाण्याची उडी मुलाने आपली आपणच मारायची, असं आपण गृहीत धरतो.

मराठीत ही अडचण येत नाही. ‘क’चं नावही क आणि उच्चारही क, क, म, ळ सलग म्हटलं की कमळ झालं. इंग्रजीत बी, डी, टी यांच्या नावात त्यांचा ध्वनी सुरुवातीला असतो, एफ, एल, एम यांच्या नावात तो शेवटी असतो, आणि डब्ल्यूच्या नावात तर ‘व’ कुठेच नाही. शिवाय अक्षरं 26 आणि ध्वनी सुमारे 44. संशोधक फिलिप सीमूर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली युरोपातल्या 13 भाषांमधल्या मुलांचं वाचन तपासलं. शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर फिनलंडमधली मुलं ओळखीचे सोपे शब्द 98 टक्के बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली मुलं 34 टक्के. इंग्रजी ही त्यांची घरची भाषा असूनही! मग आपल्याकडचं मूल एस-ओ-एन हे ‘सन’ वाचायचं की ‘सॉन’ यात अडखळलं, तर त्याला ढ म्हणणं हा अन्याय आहे.

शब्द चित्रासारखा डोळ्यांत साठवला जातो, अशी आपली समजूत असते. संशोधन वेगळं सांगतं. लिनिया एरी या अमेरिकी संशोधिकेने दाखवलं, की शब्दातलं एकेक अक्षर त्याच्या ध्वनीला जोडलं जातं आणि ती अख्खी साखळी अर्थाला बांधली जाते. असं दोन-चार वेळा नीट घडलं की तो शब्द पाहताक्षणी ओळखू येतो, आणि त्याचं स्पेलिंगही बहुधा त्याबरोबरच पक्कं होतं. म्हणूनच सुरुवातीला छोटे शब्द हवेत: पहिला ध्वनी विसरण्याआधी तिसरा गाठता येतो.

पण अर्थच माहीत नसेल तर साखळी कशाला बांधायची? इथे मराठी मुलाकडे एक ठेवा आहे, आणि आपण तो वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं. बस, पेन, कप, मग, जग, बॅट, बॅग, पिन, टब, नेट, जॅम हे शब्द शाळेत जाण्याआधीच त्याच्या तोंडी असतात. उच्चार आणि अर्थ दोन्ही तयार आहेत, फक्त अक्षरं जोडायची आहेत. तरी आपण सुरुवात करतो ती ‘ऑक्स’ आणि ‘यॉट’पासून.

इंग्लंडमधल्या ध्वनींवर आधारलेल्या अभ्यासक्रमात ए-बी-सी हा क्रम न घेता एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी शिकवतात, तीही उच्चाराने: स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्यातून पिन, टिन, टॅप, पॅन, टिप, सिट, नॅप असे कितीतरी शब्द बनतात. व्यंजनाचा पाय मोडून म्हणणं आपल्याला नवीन नाही. मधला स्वर बदलायचा खेळही आपलाच आहे. बॅट, बेट, बिट, बट ही एका परीने इंग्रजीची बाराखडीच. ॲ आणि ऑ हे स्वर 2009 च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत आले. मुलाला चौदाखडी नीट येत असेल, तर पेन आणि पॅन यांतला फरक त्याच्या कानाला आधीच पटलेला असतो.

आता चुकांबद्दल. संशोधक चार्ल्स रीड यांनी 1971 साली शाळेत न गेलेल्या अमेरिकी मुलांची मनाने केलेली स्पेलिंगं अभ्यासली. ‘ट्रक’ची सुरुवात काही मुलं सी-एच-आर अशी करत, कारण तिथे त्यांना खरोखरच ‘च’च्या जवळचा आवाज ऐकू येत होता. ‘जंप’मधला एम ती गाळत, कारण ओठ मिटण्याआधीच स्वर नाकात गेलेला असतो. आपल्याकडे मूल ‘बस’ लिहिताना बी-एस एवढंच लिहितं, तेव्हा तेही तितक्याच तर्काने वागत असतं: मराठी ‘ब’मध्ये ‘अ’ असतोच, तो वेगळा कशाला लिहायचा? अशा वेळी लाल रेघ मारून दहादा लिहायला लावण्याऐवजी बोटं पुढे करावीत आणि त्याच्याबरोबर हळू म्हणावं: ब्, अ, स्. बोटं तीन आणि अक्षरं दोन, हे त्यालाच दिसतं. कोणत्या बोटाला अक्षर मिळालं नाही, हे त्यालाच शोधू द्यावं.

‘वन’ आणि ‘टू’सारखे नियमात न बसणारे शब्द उरतातच. तेही सगळेच्या सगळे पाठ करावे लागत नाहीत. ‘टू’मधला टी सरळ वागतो, अडतात फक्त डब्ल्यू आणि ओ. तेवढ्या दोन अक्षरांखाली रेघ मारून दिली, की मुलाला लक्षात ठेवायला तेवढंच उरतं.